आपत्तीनंतरचा पशुनिवारा

महापूर, चक्रीवादळ किंवा भूकंप यांनी उद्ध्वस्त झालेल्या वस्तीच्या पुनर्वसनाचा विचार करताना घरे, रस्ते, पाणीपुरवठा, शाळा आणि दवाखाना यांचा क्रम आधी लागतो, आणि जनावरांसाठी निवारा उभारण्याचा विषय निघालाच तर तो भूतदयेच्या सदरात टाकून दिला जातो. माणसांचीच सोय लागलेली नसताना कुत्र्या-मांजरांसाठी पत्रा, लाकूड आणि मनुष्यबळ खर्च करावे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याला निर्दय ठरवण्याचे कारण नाही. तथापि गेल्या काही दशकांत आपत्तींचा जो पद्धतशीर अभ्यास झाला, त्यातून असे दिसून आले की ज्या घरात जनावर आहे त्या घरातील माणूस घर केव्हा सोडतो, मुळात सोडतो की नाही, आणि सोडल्यावर धोका टळलेला नसतानाही मागे फिरतो काय, हे पुष्कळदा त्या जनावराच्या सोयीवर ठरते. पशुनिवारा या शब्दाने येथे जी व्यवस्था अभिप्रेत आहे तिच्यात मालकापासून ताटातूट झालेल्या, अथवा मालकाला ठेवायला जागा उरलेली नाही अशा प्राण्यांना ठरावीक काळ सांभाळणे, त्यांची नोंद ठेवणे, त्यांच्यावर उपचार करणे आणि शक्य तेथे त्यांना मूळ घरी पोहोचवणे ही सर्व कामे येतात. भिंती आणि छप्पर हा तिचा एक भाग झाला, आणि आजवरचा अनुभव असा की तोच भाग सर्वांत सोपा असतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वेयावेगा नावाचे एक लहान गाव आहे. ४ मार्च १९९६ रोजी तेथे मालगाडी रुळांवरून घसरली, प्रोपेन वायूच्या टाक्यांना आग लागली आणि स्फोटाच्या भीतीने सारे गाव रिकामे करण्यात आले. काही तासांत परतता येईल अशा समजुतीने बहुतेकांनी आपली कुत्री-मांजरे घरातच ठेवली होती. मुक्काम लांबत गेला तसे लोक बंदोबस्त चुकवून आपल्या जनावरांसाठी धोक्याच्या क्षेत्रात शिरू लागले, आणि अखेरीस चौथ्या दिवशी नॅशनल गार्डच्या चिलखती वाहनांतून प्राणी बाहेर काढण्याची मोहीम अधिकृतपणे हाती घ्यावी लागली. या घटनेचा अभ्यास करणारे पशुवैद्यक सेबॅस्टियन हीथ यांनी पुढे या विषयावर विस्तृत लेखन केले आणि आपत्ती-व्यवस्थापनाच्या शास्त्रात पाळीव प्राण्यांना जागा मिळू लागली. परंतु ही जागा अजून ग्रंथांपुरतीच होती. ती कायद्यात येण्यासाठी आणखी दहा वर्षे जावी लागली आणि एक फार मोठी दुर्घटना घडावी लागली.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकले. न्यू ऑर्लिन्स शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली असून कालव्यांच्या कडेने उभारलेल्या पूरभिंतींच्या भरवशावर तो वसलेला होता. या भिंती अनेक ठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश आदल्या दिवशी, म्हणजे २८ ऑगस्टला निघाला होता, आणि ज्यांच्याकडे मोटार नव्हती अशा हजारो लोकांना सुपरडोम या क्रीडागृहात आश्रय घ्यावा लागला. रेडक्रॉसच्या छावण्यांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. चावे, अ‍ॅलर्जी आणि अस्वच्छता ही त्यामागची कारणे होती आणि ती खोटी नव्हती. लोकांना बाहेर नेणाऱ्या बसगाड्यांतही प्राणी नेता येत नसत. बसमध्ये चढताना एका लहान मुलाच्या हातातून त्याचा स्नोबॉल नावाचा कुत्रा पोलिसाने काढून घेतला आणि मुलगा रडून रडून ओकला, ही असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दिलेली दोन-तीन ओळींची बातमी देशभर पसरली. पुढच्या वर्षी फ्रिट्झ इन्स्टिट्यूट या संस्थेने केलेल्या पाहणीत, ज्यांनी घर न सोडण्याचा निर्णय घेतला त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांच्या निर्णयामागे पाळीव प्राण्याला सोडून जाण्याची अनिच्छा हे निदान एक कारण असल्याचे आढळले. एवढ्या लोकांना केवळ हट्टी म्हणून बाजूला सारणे कोणत्याही प्रशासनाला परवडणारे नव्हते.

या गोंधळात एक काम वेळेवर झाले होते. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या लुइझियाना प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थेने वादळापूर्वीच आपल्या निवाऱ्यातील २६३ प्राणी टेक्सासमधील ह्यूस्टनला हलवले होते. नाइन्थ वॉर्ड भागातील तिची इमारत पुढे पाण्यात गेली. म्हणजे प्राणी वाचले, पण शहराला ज्या वेळी पशुनिवाऱ्याची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्या वेळी शहराचा स्वतःचा निवारा नाहीसा झाला. मागे राहिलेल्या प्राण्यांसाठी मग शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या गोन्झालेस या गावी, घोडे आणि गुरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या लामार-डिक्सन मैदानातील तबेले ताब्यात घेण्यात आले. देशभरातून आलेले स्वयंसेवक दिवसा बोटींतून बुडालेल्या वस्त्यांत हिंडत, घरांची दारे फोडून प्राणी बाहेर काढत, आणि ज्या घरातून प्राणी काढला किंवा ज्या घरात अन्नपाणी ठेवून तो तसाच ठेवावा लागला त्या घराच्या भिंतीवर रंगाच्या फवाऱ्याने खूण करून ठेवत. रात्री हे प्राणी ट्रकांतून लामार-डिक्सनला येत. लुइझियाना आणि मिसिसिपीमध्ये आणखीही अनेक तात्पुरते निवारे उभे राहिले. कोठे शाळेच्या आवारात, कोठे एखाद्या खाजगी प्राणिसंगोपन केंद्राच्या जमिनीवर. अशा रीतीने सुमारे १५,००० प्राणी वाचवले गेले असा अंदाज केला जातो, आणि त्यांतील साधारण १५ ते २० टक्केच आपल्या मूळ मालकांकडे परत गेले असे मानले जाते.

हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अधिक विचार करण्याजोगा आहे. प्राणी वाचवण्यात एवढे यश मिळूनही तो घरी पोहोचवण्यात एवढे अपयश का यावे, याचे उत्तर निवाऱ्याच्या बांधकामात नसून त्याच्या दप्तरात सापडते. पुष्कळ कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा नव्हता, असला तरी त्यावरचा दूरध्वनी क्रमांक पाण्याखाली गेलेल्या घराचा होता, आणि त्वचेखाली बसवली जाणारी, यंत्राने वाचता येणारी ओळखचकती म्हणजे मायक्रोचिप फार थोड्यांना होती. कोणता प्राणी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या घरात सापडला ही नोंद ठेवली तरच पुढे मालकाचा माग लागतो. पण थकलेल्या स्वयंसेवकाने मध्यरात्री खरडलेला पत्ता वाचता न येणे, पिंजऱ्यावरचा कागद भिजणे, एकाच प्राण्याला दोन ठिकाणी दोन क्रमांक मिळणे असे प्रकार सर्रास घडले. लामार-डिक्सनची क्षमता संपत आली तशी जनावरे विमानांनी आणि ट्रकांनी देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पाठवण्यात आली. त्या वेळी त्यांचे मालक ह्यूस्टन, अटलांटा अशा शहरांतील छावण्यांत होते, त्यांच्यापाशी संगणक नव्हता, आणि पेटफाइंडर या संकेतस्थळावर चालवलेल्या छायाचित्रांच्या यादीत आपला कुत्रा शोधणे त्यांना सहज शक्य नव्हते. काही महिन्यांनी शोध लागला तेव्हा कुत्रा नव्या कुटुंबात रुळलेला असे आणि ते कुटुंब तो परत देण्यास तयार नसे. यातून न्यायालयीन खटले झाले, आणि २००९ मध्ये या वादांवर ‘माइन’ नावाचा माहितीपटही निघाला. अनेक कुत्र्यांना डासांमार्फत पसरणाऱ्या हृदयकृमीची बाधा होती. उष्ण-दमट किनारपट्टीवर हा रोग अतिशय सामान्य असून त्यावरील प्रतिबंधक औषध दरमहा विकत घ्यावे लागते, तरीही उत्तरेकडील काही नव्या पालकांनी त्याच रोगाकडे बोट दाखवून मूळ मालकाला निष्काळजी ठरवले. जनावरावरील प्रेमाच्या नावाखाली गरिबाचे जनावर त्याच्यापासून हिरावले गेले, हा कतरिनानंतरच्या प्राणिरक्षणावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो नाकारता येणे अवघड आहे.

याच काळात बॅटन रूज येथील लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या पार्कर कॉलिझियम या बंदिस्त रिंगणात एक वेगळ्या प्रकारचा निवारा चालू होता. पशुवैद्यक महाविद्यालयातील अध्यापक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी तो चालवला होता आणि तेथे मालकांनी स्वतः आणून सोडलेले प्राणी ठेवले जात असत. येथे दारातच मालकाचे नाव लिहिले जाई आणि मालक येऊन आपल्या प्राण्याला भेटू शकत असे. साहजिकच ताटातुटीचा प्रश्न मुळातच फारसा उद्भवला नाही. आपत्तीतील पशुनिवाऱ्यांचे पुढे जे वर्गीकरण रूढ झाले त्याची बीजे या फरकात आहेत. पहिला प्रकार केवळ प्राण्यांचा; दुसरा, माणसांच्या छावणीलगत पण वेगळ्या जागेत असलेला, जेथे मालकच आपल्या प्राण्याला खाऊ घालतो आणि फिरवतो; तिसरा, माणूस आणि प्राणी एकाच खोलीत राहतात असा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत स्वयंसेवकांची गरज कमी पडते, खर्च कमी येतो आणि प्राण्याची भीतीही कमी होते, तरी आपत्ती येताच उत्साही मंडळींचा ओढा पहिल्या प्रकाराकडे असतो, कारण तेथे ‘सुटका’ दिसते.

आपत्तीच्या ठिकाणी माणसे, माहिती आणि वस्तू यांचा न बोलावता जो लोंढा येतो त्याचे पहिले महत्त्वाचे शास्त्रीय विवेचन चार्ल्स फ्रिट्झ आणि जे. एच. मॅथ्यूसन यांनी १९५७ मध्ये केले. पशुनिवाऱ्यांच्या बाबतीत हा लोंढा अधिकच मोठा असतो. आलेल्या माणसाला झोपायला जागा, पिण्याचे पाणी, शौचालय, धनुर्वाताची आणि शक्य तर रेबीजची आगाऊ घेतलेली लस, आणि घाबरलेल्या कुत्र्याला हाताळण्याचे निदान जुजबी शिक्षण लागते; हे नसेल तर प्रत्येक नवा स्वयंसेवक हा आधीच ताणलेल्या वस्तीवर पडलेला आणखी एक भार होतो. स्थानिक लोकांकडे या कामासाठी पहिल्या आठवड्यात वेळच नसतो, कारण ते स्वतःच्या घरातील चिखल काढत असतात. बाहेरचे लोक भरपूर असतात आणि स्थानिक नसतात, अशी ही स्थिती काही आठवड्यांनी उलटते, आणि निवारा टिकेल की मोडेल हे त्या उलटण्याच्या वेळी ठरते.

आता निवाऱ्याच्या रचनेकडे वळता येईल. सुतारकाम किंवा गवंडीकाम जाणणाऱ्या स्वयंसेवकांना पिंजरा बांधणे अवघड नसते, पण कुत्रा-मांजरांचा निवारा हा सर्वप्रथम साथीच्या रोगांविरुद्ध बांधावयाचा असतो. निरनिराळ्या घरांतून आलेले, भेदरलेले, लसीकरणाविषयी काहीच माहिती नसलेले शेकडो प्राणी दाटीने एकत्र ठेवणे म्हणजे रोगाला आमंत्रणच होय. कुत्र्यांमधील पार्व्हो हा विषाणू रक्ती हगवण आणतो आणि जमिनीवर, मातीत, भांड्यांवर महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो; म्हणून मातीची किंवा उघड्या लाकडाची जमीन अशा ठिकाणी धोक्याची ठरते. जमीन गुळगुळीत, पाणी न शोषणारी आणि निचऱ्याकडे उतार असलेली असावी लागते, आणि एका कप्प्यातील घाण पाणी दुसऱ्या कप्प्यातून वाहत जाणार नाही अशी तिची आखणी करावी लागते. साधे ब्लीच, म्हणजे सुमारे पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट, एका भागास ३२ भाग पाणी या प्रमाणात घेतले आणि ते पृष्ठभागावर दहा मिनिटे ओले राहू दिले तर हा विषाणू मरतो. मात्र त्याआधी विष्ठा आणि माती साबणाने पूर्ण धुऊन काढली नसेल तर ब्लीचची शक्ती त्या घाणीतच खर्ची पडते. स्वयंसेवकांनी चालवलेल्या निवाऱ्यांत सर्वाधिक होणारी चूक ही आहे: वास ब्लीचचा येतो, म्हणून जागा स्वच्छ आहे असे समजले जाते.

विलगीकरण आणि निरीक्षण-कक्ष यांत भेद करावा लागतो. आजारी प्राणी ज्यात ठेवायचे तो विलगीकरण विभाग. निरोगी दिसणारे पण रोगाच्या संपर्कात आलेले असू शकतील असे नवे प्राणी ठरावीक दिवस वेगळे ठेवायचे तो निरीक्षण विभाग. दोन्ही विभागांची भांडी, झाडू आणि रबरी बूट वेगळे असावे लागतात, आणि सफाईचा क्रम निरोगी पिल्लांपासून सुरू होऊन आजारी प्राण्यांकडे संपावा लागतो. हा क्रम एकदा जरी उलटा झाला तरी एका फडक्याने अख्खा निवारा आजारी पडू शकतो. मांजरांची जागा कुत्र्यांच्या नजरेआड आणि आवाजापासून दूर हवी, कारण भुंकण्याचा आवाज बंदिस्त जागेत शंभर डेसिबलच्याही वर जातो आणि भेदरलेले मांजर खाणे सोडते. हवा तासाला दहा ते वीस वेळा पूर्ण बदलली जावी असा संकेत आहे. पत्र्याच्या शेडला आढ्याजवळ मोकळी फट ठेवणे हा त्यावरील जुना आणि स्वस्त उपाय होय. प्रत्येक कप्प्याचे मध्ये सरकते दार लावून दोन भाग केले तर एका बाजूची सफाई चालू असताना प्राणी दुसऱ्या बाजूला राहतो, त्याला हात लावावा लागत नाही आणि चाव्यांची संख्या घटते. नवशिक्या स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणाऱ्या निवाऱ्यात हे सरकते दार कोणत्याही शोभेच्या रंगकामापेक्षा अधिक मोलाचे असते.

जागा किती लागेल, याचा हिशेब सोपा असूनही तो क्वचितच केला जातो. रोज सरासरी किती प्राणी येतात या संख्येला प्रत्येक प्राणी सरासरी किती दिवस राहतो या संख्येने गुणले की एका वेळी किती प्राणी असतील ते निघते. रोज दहा प्राणी येत असतील आणि प्रत्येक चौदा दिवस राहत असेल तर १४० जागा लागतात. मुक्काम सात दिवसांवर आणता आला तर त्याच निवाऱ्यात निम्म्या जागा पुरतात. म्हणजे मालक शोधणारा आणि कागद नीट ठेवणारा एक चांगला कारकून नव्या पिंजऱ्यांच्या एका ओळीचे काम करतो. दुसरा हिशेब मनुष्यबळाचा. नुसते खाऊ घालणे आणि सफाई यांसाठी दर प्राण्यामागे दिवसाला किमान पंधरा मिनिटे धरावीत असा अमेरिकेतील संस्थांचा दंडक आहे; त्यानुसार शंभर प्राण्यांना रोज २५ तासांचे काम, म्हणजे तीन माणसांचा पूर्ण दिवस आणि वर थोडे, एवढे लागते, आणि त्यात उपचार, नोंदी, फिरवणे यांपैकी काहीच धरलेले नाही. निवारा बांधण्याच्या दिवशी शंभर माणसे जमतात. सहा महिन्यांनंतरच्या एखाद्या पावसाळी मंगळवारी ती तीन माणसे येतील काय, हे मात्र पाया खणण्याआधी विचारले पाहिजे.

कायमस्वरूपी निवाऱ्याचे एक लक्षणीय उदाहरण लुइझियानातीलच जॅक्सन या गावी सापडते. २००५ मध्ये लामार-डिक्सनवर जागा अपुरी पडू लागली तेव्हा काही प्राणी तेथील डिक्सन कारागृहात पाठवण्यात आले आणि कैद्यांनी त्यांची देखभाल केली. हे काम त्यांनी इतके चांगले केले की पुढे ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स या संस्थेच्या सहा लाख डॉलरांच्या अनुदानातून तुरुंगाच्या आवारातच कायमचा निवारा उभारण्याचे ठरले. २०१० मध्ये तो ‘पेन पाल्स’ या नावाने सुरू झाला. आसपासच्या ग्रामीण भागात तोवर पशुनिवाराच नव्हता, त्यामुळे एरवी तो त्या भागाचा नेहमीचा निवारा म्हणून चालतो, विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्यार्थ्यांचे तेथे शिक्षण होते, आणि वादळ आले की तोच आपत्कालीन निवारा होतो. या व्यवस्थेचे मर्म असे की रोज हजर असणारी माणसे, वर्षभराचा उपयोग आणि पशुवैद्यकीय ज्ञान या तिन्ही गोष्टी इमारतीच्या आधीपासून तेथे होत्या. न्यू ऑर्लिन्सच्या मूळ संस्थेनेही आपली पाण्यात गेलेली इमारत जुन्या जागी पुन्हा न बांधता मिसिसिपी नदीपलीकडच्या अल्जिअर्स भागात, जो २००५ च्या पुरातून बचावला होता, नवे संकुल उभारले.

६ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत जो कायदा झाला, त्याने राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आपत्कालीन योजनांत पाळीव प्राणी बाळगणाऱ्यांच्या गरजांचा विचार होणे आवश्यक ठरवले आणि अशा निवाऱ्यांच्या बांधकामासाठी केंद्रीय निधी देण्याची वाट मोकळी केली. कुत्री, मांजरे, पक्षी, ससे, कुरतडणारे छोटे प्राणी आणि कासवे यांसारख्या घरात पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांचाच ‘घरगुती प्राणी’ या व्याख्येत समावेश झाला. गुरे आणि शेतावरील इतर जनावरे बाहेर राहिली. मधल्या काळात किती सुधारणा झाली, हे मिसूरी राज्यातील जॉप्लिन शहरावरून दिसते. २२ मे २०११ च्या प्रचंड चक्रावाताने त्या शहराचा मोठा भाग भुईसपाट केला, तेव्हा स्थानिक प्राणिरक्षण संस्थेच्या शेजारची रिकामी गोदामे तात्काळ निवाऱ्यात बदलली गेली, सुमारे १,३०० प्राणी तेथे आले आणि त्यांतील पाचशेहून अधिक मालकांकडे परत गेले. कतरिनाच्या मानाने ही आपत्ती भूगोलाने लहान होती आणि मालक गावातच राहिले होते हे खरे. तरीही प्राणी शहराबाहेर न पाठवण्याचा निर्णय त्यात निर्णायक ठरला असे म्हणावे लागते.

महाराष्ट्राच्या वाचकाला या सगळ्यातील निम्मा भाग ओळखीचा आणि निम्मा परका वाटेल. येथे जनावरांचा सामूहिक निवारा नवा नाही: दुष्काळात चारा छावण्या उघडणे ही राज्यातील जुनी पद्धत आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने २०१२ च्या आणि पुन्हा २०१९ च्या दुष्काळात चालवलेल्या छावणीत शेतकरी कुटुंबे आपल्या जनावरांबरोबर महिनोन्‌महिने राहिली. म्हणजे माणूस आणि जनावर यांना एका ठिकाणी ठेवण्याचा जो प्रकार पाश्चात्त्य संस्थांना उशिरा उमगला, तो माणदेशात गरजेतूनच रुळलेला होता. मात्र दुष्काळ हळूहळू येतो आणि पूर रात्रीत येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुराने सांगली-कोल्हापूरचा परिसर वेढला तेव्हा गोठ्यातील जनावरे सोडून बोटीत बसायला अनेक शेतकरी तयार नव्हते, आणि चार-पाचशे किलोची म्हैस रबरी बोटीत चढवता येत नाही. पाणी चढल्यावर जनावर हलवणे जवळजवळ अशक्य असते, आणि दाव्याला बांधलेले जनावर तर पोहता येत असूनही बुडते. बांगलादेशात १९७० च्या भीषण चक्रीवादळानंतर किनारपट्टीवर मातीचे उंच भराव घालून ‘किल्ला’ नावाचे आश्रयस्थान तयार करण्यात आले, जेथे गुरांना पाणी चढण्याआधी हाकून नेता येते. नदीकाठच्या गावांसाठी पिंजऱ्यांच्या शेडपेक्षा ही कल्पना अधिक उपयोगी आहे.

गुरांच्या निवाऱ्याचे गणितही वेगळे असते. एका मोठ्या जनावराला दिवसाला पन्नासएक लिटर पाणी धरले तर शंभर जनावरांना पाच हजार लिटर, म्हणजे रोज एक टँकर लागतो. पुरात भिजलेला कडबा बुरशी धरतो आणि तो घालता येत नाही. दुसरीकडे, उपाशी जनावरांपुढे दूरच्या गावांहून आलेला हिरवा चारा किंवा शिजवलेले धान्य एकदम टाकले तर पोटफुगी होऊन जनावर दगावू शकते, हे सदिच्छेने पोळ्या आणि भात पाठवणाऱ्यांना ठाऊक नसते. दुभत्या म्हशीची धार चुकली तर कासदाह होतो, त्यामुळे धार काढणारी माणसे छावणीतच असणे आवश्यक असते, आणि हा मालकाला जनावराजवळ राहू देण्याच्या बाजूचा सर्वांत व्यवहारी युक्तिवाद आहे. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून झालेल्या असाव्या लागतात, कारण लस दिल्यावर प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही आठवडे जातात. पूर आल्यावर लस शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही. लेप्टोचे जंतू जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायांवरील जखमांतून माणसात शिरतात, म्हणून छावणीत राबणाऱ्यांना गमबूट देणे हे चारा देण्याइतकेच निकडीचे असते. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे: भारतात २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण केलेला कुत्रा मूळ जागीच परत सोडावा लागतो, त्यामुळे तो कोणत्या गल्लीतून उचलला याची नोंद येथेही निवाऱ्याच्या कामाचा कणा ठरते.

नोंदीचा हा मुद्दा शेतकऱ्याच्या खिशाशीही जोडलेला आहे. आपत्तीत मेलेल्या गाय-म्हशीसाठी २०२२ ते २०२६ या काळातील केंद्रीय निकषांनुसार ३७,५०० रुपये साहाय्य ठरवलेले होते, पण अशा साहाय्यासाठी जनावर होते आणि ते मेले, या दोन्ही गोष्टी पंचनाम्यात सिद्ध व्हाव्या लागतात, आणि वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा पाण्याबरोबर जातो. गुरांच्या कानात टोचला जाणारा पिवळा बिल्ला आणि त्यावरील बारा अंकी क्रमांक हा या दोन्ही कामांना पुरेल असा पुरावा आहे. जिवंत सापडलेले जनावर त्यावरून मालकाकडे जाते आणि मेलेल्याचा दावा त्यावरून मांडता येतो. नदीकाठच्या गावांतील पशुपालकांनी, आणि त्यांना मदत करू इच्छिणाऱ्या मंडळांनी, मृगाच्या आधी प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याचा क्रमांक आणि मालकासह एक छायाचित्र गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवावे.